बडोद्याहून चंद्रशिला, फेब्रुवारीच्या बर्फात

बर्फातला डोंगर म्हटलं की बडोद्याच्या माणसाला पहिली धास्ती थंडीची. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटर उंचीवर. पारा 12 वर उतरला की रावपुऱ्यात कानटोप्या दिसायला लागतात. तिथून उठून 4,000 मीटरच्या आसपास, उणे तापमानात, पहाटे तीनला चालायला लागायचं या नुसत्या कल्पनेनं झोप उडते. मी 52 वर्षांची, माझ्या मोठ्या नणंदबाई 58 च्या. दोघींनी या फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या चंद्रशिलेची वाट धरली. मी माथ्यावर पोचले, वन्सं तुंगनाथाच्या देवळापासून खाली उतरल्या. आमच्या ओळखीत बर्फात गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे एकेक गोष्ट विचारत विचारत शिकावी लागली. ती सगळी एका जागी लिहून ठेवते आहे. थंडी किती सोसता येते यावर फारसं काही अवलंबून नसतं. अंग कोरडं राहतं की नाही यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं, आणि त्याची निम्मी तयारी घरीच होते.

चंद्रशिलाच का, तर वन्संना तुंगनाथ पाहायचं होतं. पंचकेदारांपैकी हे तिसरं, सुमारे 3,680 मीटर उंचीवर, शिवाच्या देवळांत सगळ्यात उंच समजलं जातं. चंद्रशिलेचा माथा त्याच्याही वर, दीडएक किलोमीटर. दिवाळीच्या सुमारास देऊळ बंद होतं, उत्सवमूर्तीची डोली खाली मक्कूमठला जाते आणि पुढचे सहा महिने पूजा तिथेच होते. म्हणजे हिवाळ्यात गेलं तर दर्शन मिळणार नाही. हे वन्संना मी दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "देव खाली गेलाय, डोंगर तर तिथेच आहे ना? बर्फातला बघू."

सप्टेंबरात ठरलं आणि 6 ऑक्टोबरला एका ट्रेकिंग संस्थेकडे नाव नोंदवलं. फी जीएसटीसकट माणशी 10,500. त्यात ट्रेक जिथून सुरू होतो त्या सारी नावाच्या गावापासूनचं जेवण, मुक्काम, तंबू, गाईड आणि वनखात्याचं शुल्क आलं. हरिद्वारपर्यंतचा प्रवास आपला आपण. नोंदणी झाल्याबरोबर कागद मागितले जातात: आधारची प्रत, सही केलेलं हमीपत्र, घरच्या दोन माणसांचे फोन नंबर आणि डॉक्टरांनी भरलेला मेडिकल फॉर्म. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, आणि तो तीन महिन्यांच्या आतलाच हवा. आमचा पहिला फॉर्म परत आला, कारण शिक्क्यात डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. पुन्हा दवाखान्यात जाऊन नंबरचा शिक्का मारून आणेपर्यंत आठवडा गेला. तुम्ही जाल तेव्हा दवाखान्यातून निघण्यापूर्वीच सही, शिक्का, नंबर आणि तारीख या चारही गोष्टी बघून घ्या. तपासण्यांचा खर्च माझा 1,900 झाला.

डॉक्टरांशी बोलायला वेळ मागून घ्या, नुसती सही घेऊन येऊ नका. वन्संना रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी टीएमटी पाहून परवानगी दिली, गोळी एकही दिवस चुकवायची नाही असं बजावलं. उंचीच्या त्रासावर बरेच जण डायमॉक्स घेतात. वन्संना सल्फाची ॲलर्जी आहे म्हटल्यावर त्यांनी ती गोळी त्यांच्यासाठी साफ नाकारली आणि म्हणाले, "तुमचं औषध एकच. डोकं दुखून मळमळायला लागलं की खाली उतरायचं. वाट बघायची नाही." हे वाक्य वन्संनी डायरीत लिहून घेतलं होतं, पुढे ते कामाला आलं. कोणाच्या सांगण्यावरून ही गोळी आपल्या मनानं घेऊ नका.

विम्याचंही तसंच. आमच्या नेहमीच्या प्रवासविम्यात बारीक अक्षरांत 3,000 मीटरच्या वरचा ट्रेक वगळलेला होता. थोडे जास्त पैसे भरून तो जोडून घेता आला. फोनवर "हो हो, सगळं येतं त्यात" असं ऐकून समाधान मानू नका, उंचीचा आकडा छापील कागदावर बघा.

चालण्याची तयारी ऑक्टोबरपासून. रोज सकाळी कमाटीबागेत एक तास, पहिला महिना साधं भरभर चालणं, नंतर पाठीवर पिशवी घेऊन. पण सपाटीवर कितीही चाललं तरी चढाचे स्नायू वेगळे. त्यासाठी बडोदेकरांना पावागडासारखी जागा नाही. पन्नासेक किलोमीटरवर, 800 मीटरच्या आसपास उंच, आणि माचीपासून वर कालिकामातेपर्यंत सलग पायऱ्या. आम्ही रविवारी पहाटेच निघायचो, ऊन आणि गर्दी वाढायच्या आत वर पोचायचो. रोपवेकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरलं होतं. डिसेंबरात पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून सहा-सात किलो वजन केलं. उतरतानाही पायऱ्याच उतरायच्या, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर असते आणि ती आधीच देऊन टाकलेली बरी. यात्रेकरू विचारायचे, एवढं काय घेऊन चाललात देवीला? वन्सं सांगायच्या, "पाणी."

आता कपडे. सुती काहीही नको: ना बनियन, ना मोजे, ना जीन्स. सुती कापड घाम शोषतं, वाळत नाही, आणि थांबलात की अंगावर गार पडून राहतं. आत थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं उबदार कृत्रिम कापड, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट, आणि थांबल्यावर घालायला पिसांचं जाड जाकीट. अंगभर एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा असे थर बरे, चालताना काढता-घालता येतात. थर्मल आणि लोकरी मोजे मी चांगले घेतले, 2,400 गेले. फ्लीस घरात होतं, वन्संनी हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांच्या बाजारातून घेतलं. बूट 5,500 चे, घोट्याच्या वर येणारे, पाण्याला दाद न देणारे, आणि जाड मोज्यांसकट घालून पाहिलेले. बोटांपुढे जागा हवी. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. हे बूट डिसेंबरभर पावागडावर वापरले, नवे कोरे नेले नाहीत. बाकी सगळं भाड्यानं: पिसांचं जाकीट, काठ्या, बर्फ बुटात शिरू नये म्हणून पिंढरीवर चढवायचे गेटर्स, आणि मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाच्या तळाला रबरी पट्ट्यानं अडकवायचे लोखंडी दाते. सगळ्याचं भाडं 2,600. एकदाच जायचं असेल तर विकत घेण्यात काही अर्थ नाही.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. आम्हाला 30 जानेवारीला निघायचं होतं, म्हणून 1 डिसेंबरला सकाळी आठला दोघी दोन फोन घेऊन बसलो. रात्रीच्या राजधानीनं दिल्ली, तिथून दुसऱ्या गाडीनं हरिद्वार. उत्तरेत त्या दिवसांत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. म्हणून दिल्लीत दोन गाड्यांमध्ये चांगले पाच तास ठेवले होते, त्यातले तीन धुक्यानं खाल्ले. परतीचं तिकीट ट्रेक संपल्यावर एक दिवस सोडून काढलं. हा मोकळा दिवस नंतर सोन्यासारखा ठरला.

सोबत खायला काय न्यावं यावर घरात बरीच चर्चा झाली. भाकरवडी आणि लिलो चेवडो प्रवासात हरिद्वारपर्यंतच संपले. वर उपयोगी पडले ते खजूर, चिक्की आणि वन्संनी केलेले डिंकाचे लाडू. मात्र तूप थिजून लाडू दगड झाले. दाताला लागेनात. मग चालायला लागण्याआधी दोन लाडू जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायला शिकलो. अंगाच्या उबेनं तासाभरात खाण्याजोगे व्हायचे.

1 फेब्रुवारीला सकाळी सहाला हरिद्वारहून संस्थेची गाडी निघाली. ऋषिकेश, देवप्रयाग, गढवालातलं श्रीनगर, रुद्रप्रयाग, मग मंदाकिनीच्या काठानं उखीमठ आणि संध्याकाळी सारी. दहा तास लागले. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, वळणं अखंड आहेत. एटीएममधून पैसे काढायचे ते उखीमठपर्यंतच काढून घ्या, पुढे भरवसा नाही. देवप्रयागला गाडी पाच मिनिटं थांबवली. अलकनंदा आणि भागीरथी यांच्या पाण्याचे दोन रंग वरून स्पष्ट वेगळे दिसतात.

सारी 2,000 मीटरच्या आसपास. गावात घराघरांत राहायची सोय आहे. दुसऱ्या दिवशी देवरियाताल, 2,438 मीटर, चढून पुन्हा गावात मुक्कामाला. तळ्याच्या वाटेवर वनखात्याची चौकी आहे, तिथे वहीत नाव, पत्ता, वय लिहून पावती घ्यावी लागते. पूर्वी लोक तळ्याकाठच्या कुरणात तंबू ठोकत असत. 2018 मध्ये नैनितालच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. चांगलं केलं असं तिथे उभं राहिल्यावर वाटलं. तळ्याचा अर्धा भाग गोठलेला होता आणि उरलेल्या अर्ध्या पाण्यात चौखंबा शिखर उलटं दिसत होतं. यक्षानं युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते हेच तळं असं गावकरी सांगतात.

या दिवसाचा खरा उपयोग शरीराला. वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं, की उंची अंगवळणी पडते. शिवाय याच चढावर आमच्या गाईडनं, सारी गावच्याच पंचविशीतल्या मुलानं, आम्हाला कामाची गोष्ट शिकवली. निघताना सगळ्यांनी जाकिटं चढवली होती. तो म्हणाला, "माताजी, जैकेट उतारो. शुरू में थोड़ी ठंड लगनी चाहिए. पसीना नहीं आना चाहिए." दहा मिनिटं कुडकुडलो, मग चढानं ऊब आली. आणि थांबलो रे थांबलो की पिसांचं जाकीट लगेच, थंडी वाजायच्या आधी. घाम आला तर वेग कमी करायचा. पुढच्या सगळ्या दिवसांत हे एवढं पाळलं आणि थंडीची धास्ती हळूहळू गेली.

3 तारखेला गाडीनं दुगलबिट्ट्यापर्यंत. पुढे रस्त्यावर बर्फ, गाडी जात नाही. तिथून डांबरी रस्त्यावरच्या बर्फातून चालत बनियाकुंडाच्या तळावर पोचलो, तंबू एका खाजगी जागेत लावलेले होते. दुपारी बर्फात चालायचा सराव. स्पाइक्स घातले की पूर्ण तळवा टेकवायचा, पाय किंचित फाकवून टाकायचा, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्याच्या गेटरमध्ये अडकतात. चढावर बुटाचं टोक बर्फात ठोकून पायरी करायची, उतारावर टाच रोवायची. पुढच्या माणसानं केलेल्या पावलातच आपलं पाऊल. संध्याकाळी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. माझा आकडा 93, वन्संचा 91. ठीक आहे, गाईड म्हणाला, पण वन्संच्या नावापुढे त्यानं छोटी खूण केली ते मी पाहिलं.

रात्र. बायका हाच प्रश्न आधी विचारतात म्हणून स्पष्ट लिहिते. शौचालय म्हणजे खड्ड्यावरचा उभा तंबू. पाण्याऐवजी कागद, वर माती टाकायची. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत, जाड पिशवीत बांधून खाली आणायचे. पाणी कमी पिऊन रात्रीची फेरी टाळायचा मोह होतो, तो आवरा. पाणी कमी पडलं की डोकं दुखायला लागतं आणि मग ते उंचीचं की पाण्याचं हे कळत नाही. झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवायची. रात्रभर ऊब, सकाळी प्यायला न गोठलेलं पाणी. फोन, पॉवर बँक, टॉर्चचे सेल हेही बॅगेत अंगाशी, कारण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. दिवसभराचे कपडे घालून झोपायचं नाही, कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचा. तो कितीही हात शिवशिवले तरी दिवसा काढायचा नाही.

माथ्यावर 4 तारखेला जायचं होतं. डेहराडूनच्या हवामान केंद्राचा इशारा होताच. पश्चिमी झंझावात आला आणि 3 च्या रात्रीपासून बर्फ पडायला लागला तो 4 च्या दुपारपर्यंत. तासातासाला तंबूवरचा बर्फ आतून हातानं थोपटून पाडावा लागत होता, नाहीतर कापड खाली झुकून नाकाला टेकायचं. काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं, हा दिवस मला सगळ्यांत कठीण गेला. गटातले दोन तरुण गाईडशी हुज्जत घालत होते, आम्ही एवढे पैसे भरलेत, थोडं तरी वर जाऊ. त्यानं आवाज न चढवता सांगितलं, ताजा बर्फ बसायला वेळ द्यावा लागतो, आणि तुंगनाथाच्या वरच्या उतारावर तर नक्कीच. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. ज्यांच्या परतीच्या गाड्या 6 तारखेच्या होत्या ते तिघं त्या दुपारीच खाली गेले. आमचा मोकळा दिवस इथे वापरला गेला.

5 तारीख. दीडला उठवलं. आकाश लख्ख, गाईडकडच्या थर्मामीटरवर उणे 9. कोमट लापशी आणि चहा. पहाटे तीनला निघालो. एवढ्या लवकर का, तर रात्रीच्या थंडीनं बर्फ घट्ट असतो, पाय रुतत नाही. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि दुपारी ढग येतात. माथ्यावर असाल-नसाल, दहाला मागे वळायचं हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

देवळाची वाट जिथून सुरू होते त्या चोपत्याच्या कमानीला घंटा आहे. प्रत्येकानं ती वाजवली. तिथून देवळापर्यंत साडेतीन किलोमीटरची फरसबंद वाट, एरवी खेचरंही जातात. आता ती बर्फाखाली, फक्त कठड्याची वरची कड मधूनमधून दिसत होती. डोक्यावरच्या दिव्याचा गोल आणि त्यात पुढच्या माणसाच्या टाचा, याशिवाय काही दिसत नव्हतं. चार पावलांना एक श्वास असं सुरुवातीला जमत होतं, तासाभरानं दोन पावलांना एक. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतो. आपण थकलो असं वाटतं, पण बऱ्याचदा फक्त घाई झालेली असते. गाईडचं पालुपद एकच, "धीरे चलो, पर चलते रहो."

एकदा स्पाइकचा पट्टा सुटला म्हणून मी वरचा हातमोजा काढला. आतला पातळ मोजा होता, तरी पट्टा ओढून बसवेपर्यंत बोटांची टोकं बधिर झाली. चेन ओढायला अंगठा वळेना. वन्संनी काही न बोलता माझे दोन्ही हात ओढून आपल्या जाकिटात, काखेत दाबून धरले. दोन-तीन मिनिटांनी बोटांत अशा कळा आल्या की डोळ्यांत पाणी आलं. गाईड म्हणाला, दुखतंय म्हणजे रक्त परत येतंय, बरं आहे. दुखणं थांबून पांढरं पडलं तर लगेच सांगायचं. हातमोज्यांना दोरी लावून ती मनगटात अडकवा, काढलेला मोजा वाऱ्यानं गेला तर दुसरा मिळत नाही.

उजाडलं तेव्हा चौखंब्याच्या टोकावर आधी गुलाबी, मग पिवळा प्रकाश आला. झाडं मागे राहिली होती. गढवाल विद्यापीठाचं वनस्पती संशोधन केंद्र, मग बंद पडलेली दुकानं, छपरापर्यंत बर्फ. सव्वासातला तुंगनाथ. देवळाचं दगडी शिखर मोकळं, दारात कमरेएवढा बर्फ, कुलूप दिसतच नव्हतं. वन्संनी हातमोजे काढून, अक्षरशः क्षणभर, बर्फावरून दाराच्या दिशेनं हात जोडले.

त्यांचं डोकं पहाटे पाचपासून दुखत होतं हे त्यांनी तिथे सांगितलं. पाणी प्यायल्या, खजूर खाल्ला, पण तो उलटून पडला. गाईडनं आकडा घेतला, 82. माझा 87. त्यानं काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अगं, मी खाली जाते. डॉक्टरांनी सांगितलंय ना, वाट बघायची नाही. तू हो पुढे." मी म्हटलं, "वन्सं, मी पण येते तुमच्याबरोबर." "कशाला? मला न्यायला माणूस आहे. तू गेली नाहीस तर मला तिकडचं सांगणार कोण?" गटाबरोबर दोन गाईड असतात ते याचसाठी. दुसरा मुलगा त्यांना घेऊन उतरला. देवळापाशी बसवून ठेवलं नाही, सरळ खाली नेलं, कारण बसून थंडी वाढते आणि उंची तीच राहते. चोपत्याला पोचेपर्यंत त्यांचं डोकं उतरलं होतं, हे मला दुपारी कळलं. नाव नोंदवताना "गटाबरोबर किती गाईड असतात" हा प्रश्न संस्थेला जरूर विचारा. एकच गाईड असेल तर जाऊ नका.

वरचा दीड किलोमीटर वेगळाच आहे. वाट नाही, उताराला आडवं जायचं, ताजा बर्फ गुडघाभर. गाईड पुढे जाऊन काठीनं चाचपत होता, आम्ही दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून एकेक. वीस पावलं, मग काठ्यांवर रेलून श्वास. माझ्या मनात माथा नव्हता, पुढचं पाऊल होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी वर. गंगेचं छोटं देऊळ आहे, त्याचं शिखर तेवढं बर्फाबाहेर. केदारनाथाची शिखरं, चौखंबा, पूर्वेला नंदादेवी आणि त्रिशूळ. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वन्संसाठी फोन काढला, दोन फोटो निघाले आणि बॅटरी गेली. खिशात लाडू होता तो गाईडबरोबर वाटून खाल्ला. जेमतेम पंधरा मिनिटं थांबलो.

उतरताना तरुण मंडळींना बसून घसरायचं होतं. पायात स्पाइक्स असताना घसरू नका, दाते अडकून घोटा मुरगळतो. गाईडनं ठाम नाही म्हटलं. दहानंतर बर्फ मऊ झाला, पाय मांडीपर्यंत जायला लागले आणि पाय उपसून काढण्यात चढाहून जास्त दम लागला. काळा चष्मा मात्र क्षणभरही काढायचा नाही. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे जळतात. सनस्क्रीन सगळे गालाला लावतात, पण ऊन खालून येतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांना आणि कानामागे लावा. मी नाकाखाली लावलं नव्हतं, तिथलं कातडं घरी आल्यावर सोललं. दोनला तळावर. वन्सं चुलीजवळ चहाचा पेला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी माझे मोजे काढून बोटं तपासली आणि मगच विचारलं, "दिसलं का सगळं?"

7 तारखेला हरिद्वार, 9 ला सकाळी बडोदा. एकूण खर्च माझा 32,000 च्या आसपास: वर लिहिलेले आकडे, रेल्वेचे 6,800 आणि हरिद्वारचं राहणं-खाणं 2,300. बूट घरी आल्यावर उन्हात ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा बोळे बदला. गुडघे आठवडाभर जिन्यावर बोलत होते, मग शांत झाले. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. उतारावर बुटाच्या टोकाला आपटून असं होतं, निघण्याआधी नखं अगदी बारीक कापली तर कमी होतं.

कमाटीबागेतल्या तिघी आता डिसेंबरात जायचं म्हणताहेत. त्यांना सांगितलं, पावागड आत्तापासून सुरू करा, उन्हाळ्यात पहाटे पाचला. वन्सं त्याआधीच पुन्हा जाणार आहेत. तुंगनाथाचं दार कधी उघडणार ती तारीख बैशाखीला जाहीर होते. गाईडचा नंबर त्यांच्याकडे आहे, तो कळवेल, आणि या वेळी वाटेत चोपत्याला दोन रात्री राहायचं असं त्यांनी त्याच्याशी ठरवूनही टाकलंय. टीएमटी मात्र पुन्हा करावी लागेल, जुन्या रिपोर्टला तीन महिने होऊन जातील.